‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे आपल्या गावात की नाही?

(सामुदायिक रेडिओवरील ‘आभाळाखाली’ या कार्यक्रमातील भाषण)



गेल्या आठवड्यात एका ताईंचा स्टेशनवर फोन आला. आवाजात राग होता. म्हणाल्या, “तुम्ही सकाळी सांगितलंत, तुरळक ठिकाणी पाऊस. मी कुरडया गच्चीवरनं खाली आणल्या, कांद्याच्या आरणीवर ताडपत्री टाकली, दिवसाचा रोज बुडवला. आणि पाऊस कुठं, तर ओढ्यापलीकडच्या गावात. आमच्याकडं नुसती धूळ. मग तुमचं ऐकायचं का नाही?”

प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते. पण उत्तर थोडं लांबचं आहे, म्हणून हातातलं काम सुरू ठेवूनच ऐका.

आधी तो शब्द बघू. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे थोडासा पाऊस, असं नाही. बहुतेकींचा इथंच घोटाळा होतो. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाहीत, तो किती जागी पडेल ते सांगतात. एखाद्या भागात पाऊस मोजायची समजा शंभर ठिकाणं आहेत. त्यातल्या पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस झाला तर ‘तुरळक ठिकाणी’. पंचवीसच्या पुढं पन्नासपर्यंत झाला तर ‘काही ठिकाणी’. पन्नासच्या पुढं पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ किंवा ‘अनेक ठिकाणी’. आणि त्याच्याही पुढं गेला की ‘बहुतांश ठिकाणी’ किंवा ‘सर्वदूर’.

म्हणजे ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं ऐकलं तर हसू नका. त्याचा अर्थ, चारातल्या फार तर एका ठिकाणी पडेल, पण जिथं पडेल तिथं झोडपून काढील. त्या फोनवाल्या ताईंच्या दिवशी नेमकं तेच झालं. अंदाज खरा ठरला, फक्त तो शेजारच्या गावात खरा ठरला.

आता पाऊस असा गाव निवडून का पडतो? उन्हाळ्यातला वळीव तर बांधाच्या अलीकडं भिजवतो आणि पलीकडं कोरडं ठेवतो. त्यासाठी ढग कसा तयार होतो ते बघावं लागेल.

हवेत पाण्याची वाफ कायम असते, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. हवा वर जाते तशी गार होते, सरासरीनं किलोमीटरमागं सहा-साडेसहा अंश. गार हवेत वाफ मावत नाही, मग ती जमते. आमटीवरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच. पण वाफेला बसायला काहीतरी लागतं. चुलीवर झाकण असतं. आभाळात धुळीचे कण असतात, समुद्राच्या मिठाचे कण असतात, धुराचे कण असतात. त्यांच्यावर वाफ बसते आणि बारीक बारीक थेंब तयार होतात. त्या थेंबांचा थवा म्हणजे ढग.

हे थेंब इतके हलके असतात की खाली पडतच नाहीत, तरंगत राहतात. पावसाचा एक बऱ्यापैकी थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून आभाळ भरून येतं, दिवसभर काळं राहतं आणि तसंच निघून जातं. ढग आला म्हणजे पाऊस आला असं होत नाही, ते यामुळं.

हे दहा लाख थेंब एकत्र यायचे दोन रस्ते आहेत. पहिला साधा. थेंबाला थेंब धडकतो, मिसळतो, मोठा होतो, जड होतो, पडतो. समुद्राकडून आलेल्या ओल्या ढगात हे सहज घडतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर बुटक्या ढगांमधूनही धो धो पडतो, त्यात या रस्त्याचा वाटा मोठा.

दुसरा रस्ता बर्फाचा. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. उंच ढगाचा वरचा भाग त्याच्याही वर जातो. तिथं बर्फाचे कण तयार होतात, आजूबाजूची वाफ ओढून घेतात, वाढतात आणि खाली यायला लागतात. येता येता विरघळतात आणि पाऊस होऊन अंगणात पडतात. आपल्या माणदेशात, पाण्याच्या टँकरच्या रांगेवर, वर आभाळात बर्फ पडत असतो! आपल्यापर्यंत येतो तोवर त्याचं पाणी झालेलं असतं. हिमाचलात, काश्मिरात खालपर्यंत थंडी असते म्हणून तो विरघळत नाही. फरक तेवढाच.

आता वळीव. एप्रिल-मे महिन्यात जमीन तव्यासारखी तापते. दुपारनंतर तापलेली हवा वर उसळते. कधी बंगालच्या उपसागराकडून, कधी अरबी समुद्राकडून ओल आलेली असेल, तर त्या उसळीतून ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत वर जातो. बारा-बारा किलोमीटर, कधी त्याहून उंच. पण त्याची रुंदी बघितली तर काही किलोमीटरच. आणि आयुष्य? तास-दीड तास. एवढासा ढग, एवढंसं आयुष्य. तो नेमका कोणत्या गावावर उभा राहील हे आदल्या दिवशी कुणालाही सांगता येत नाही, पुण्याच्या हवामान खात्यालाही नाही आणि गावच्या जोशीबुवांनाही नाही. आदल्या दिवशी एवढंच सांगता येतं की उद्या या जिल्ह्यात असे ढग उभे राहण्याजोगी हवा आहे. म्हणून ‘तुरळक ठिकाणी’.

ढग एकदा उभा राहिला की मात्र रडारवर दिसतो. मग पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो. म्हणून वळवाच्या दिवसांत सकाळचा अंदाज ऐकून दिवसभर निवांत राहायचं नाही. दुपारचाही ऐकायचा. सकाळचा अंदाज सांगतो आज जपून राहा, दुपारचा सांगतो आता पळा.

तुमच्या स्वतःच्या अंगालाही एक इशारा मिळतो. वळवाच्या आधी एकदम गार वारा सुटतो, ऊन आणि उकाडा क्षणात पळतो. तो वारा त्या ढगातूनच आलेला असतो. पाऊस आणि गारा खाली येताना आपल्याबरोबर वरची गार हवा ओढून आणतात. ती जमिनीवर आपटून चहूकडं पसरते आणि पावसाच्या पुढं धावते. गार झुळूक लागली म्हणजे ढग आला दारात. तेव्हा “जरा बरं वाटतंय” म्हणत बांधावर बसू नका.

गारा कशा होतात हे शाळेतली मुलं नेहमी विचारतात. याच उंच ढगात हवेची उसळी फार जोराची असते. बर्फाचा कण खाली यायला लागला की ती त्याला उचलून धरते. वरच्या थंडीत असे पाण्याचे थेंब असतात जे शून्याच्या खाली जाऊनही गोठलेले नसतात. त्या कणाला शिवले की ते तिथंच गोठतात. असे थरावर थर चढतात. मोठी गार मिळाली तर मधोमध कापून बघा, कांद्यासारखे थर दिसतील, एक पांढरट, एक काचेसारखा. शेवटी वजन इतकं होतं की खालच्या हवेला ते पेलत नाही, आणि गार पडते. ऐन पावसाळ्यात आपल्याकडं गारा फारशा पडत नाहीत, फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पडतात. त्या दिवसांत खाली तापलेली जमीन, वर थंड कोरडी हवा आणि मध्ये कुठूनतरी आलेली ओल, अशी गाठ पडते.

२०१४ सालच्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली, ती अनेकींना आठवत असेल. गहू, ज्वारी, हरभरा काढणीला आलेला, द्राक्षं-डाळिंबं झाडावर. दोन आठवड्यांहून जास्त दिवस आज इथं, उद्या तिथं. गारपिटीला ताडपत्री पुरत नाही हे खरं. पण काढून ठेवलेला माल, शेळ्या-कोंबड्या आणि आपलं डोकं एवढं तरी वाचवता येतं. रानात सापडलात तर डोक्यावर घमेलं, पाटी, जे असेल ते धरा. हसण्याची गोष्ट नाही, मोठी गार डोकं फोडते.

आणि वीज. इथं मी जरा थांबून बोलणार आहे, कारण वळवाच्या पावसात आपल्या बायका मरतात त्या बहुतकरून पावसानं नाही, विजेनं. भांगलायला, काढणीला दहा-बारा जणी रानात. पाऊस आला की सगळ्या एका झाडाखाली गोळा होतात. लेकराला पदराखाली घेतात. आणि झाड उंच असतं म्हणून वीज झाडावर येते, तिथून खालच्यांवर.

तर एवढं लक्षात ठेवा. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, पाऊस सुरू झालेला असो वा नसो. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजा. तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर काम टाकून निघा. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. चहूबाजूंनी उघडी पत्र्याची शेड, मंदिरापुढचा मोकळा मंडप, झाड, विजेचा खांब, तारेचं कुंपण, यांतलं काहीही आसरा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आणि काहीच जवळ नसेल, मोकळ्या रानात सापडलात, तर एकमेकींपासून लांब लांब व्हा, दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसा, कान झाका, डोकं खाली. आडव्या पडू नका. घोळका करू नका, हे तर मी दहा वेळा सांगेन.

कुणावर वीज पडलीच, तर तिला हात लावायला भिऊ नका. तिच्या अंगात करंट राहत नाही. श्वास बंद असेल तर छाती दाबणं सुरू करा आणि १०८ ला फोन करा. काही ठिकाणी अशा माणसाला शेणात-मातीत पुरून ठेवतात. तसं अजिबात करायचं नाही. त्यात जाणारा वेळ हाच तिचा जीव असतो.

मुकादमाला, मालकाला हे कोण सांगणार, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्या मते हे गटानं ठरवायचं. गडगडाट झाला की खुरपं खाली, मजुरीचा विषय नंतर. एकटी बोलली तर तिला उद्या बोलावणार नाहीत, दहाजणी बोलल्या तर बोलावावंच लागतं.

आता पावसाळी पाऊस. जूनमध्ये समुद्रावरून वारे येतात ते वाफेनं भरलेले असतात. सह्याद्री आडवा आला की हवेला वर चढावंच लागतं. चढली की गार, गार झाली की पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. घाट ओलांडून तीच हवा खाली उतरली की परत तापते, ढग विरतो. महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या आपल्या माणमध्ये वर्षभराचा मिळून पाऊस पाचशेच्या आसपास. एकाच सातारा जिल्ह्यातल्या दोन टोकांची ही गोष्ट. म्हणून ‘सातारा जिल्ह्यात मुसळधार’ ऐकलं की आधी बघायचं, घाटमाथ्यावर म्हटलंय का पूर्व भागात. अंदाजात ‘घाट परिसरात’ हे दोन शब्द असले तर ते आपल्यासाठी नाहीत. आपल्याला जुलैमध्ये मिळते ती भुरभुर, नाहीतर नुसतं वारं. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमधला, परतीचा. तो पुन्हा गडगडाटी, वळवाच्या जातीचा. म्हणजे विजेचे नियम तेव्हाही लागू.

दव, धुकं यांचं थोडक्यात सांगते. दव आकाशातून पडत नाही. थंडीत रात्री आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली ऊब सोडून गार होतात, आणि लगतच्या हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. आभाळात ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात, मग दव कमी. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधी कधी हेच दव गोठतं आणि फोटो पेपरात येतात. धुकं म्हणजे जमिनीवर बसलेला ढग. आपण धुई म्हणतो. तुरीचा फुलोरा धुईत गळतो, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नक्षत्रांबद्दलही कायम विचारतात. मृग सात-आठ जूनला लागतो, हत्ती सप्टेंबरअखेरीला. कोणत्या दिवसांत कसा पाऊस येतो याची ती पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण आहे आणि मला तिचा आदर आहे. पण यंदा वाहन बेडूक आहे का गाढव, यावर बियाण्याचं कर्ज काढू नये. वाहन सगळ्या महाराष्ट्राला एकच असतं, पाऊस नसतो.

बियाण्याचा विषय निघालाच आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एखादा दणका वळीव होतो, मातीचा वास सुटतो आणि घरातली पुरुषमंडळी तिफण काढतात. मग तीन आठवडे ओढ. उगवलेलं करपतं, दुबार पेरणी, आणि दुसऱ्या बियाण्याचे पैसे कुठून येतात? बचत गटातून. म्हणजे आपल्या नावावर. कृषी खात्याचा सल्ला दरवर्षी तोच असतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत चांगली ओल उतरल्याशिवाय पेरू नये. पण किती झाला हे कळणार कसं?

मोजायचं. फार सोपं आहे. मिलिमीटर म्हणजे पाणी कुठं वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर जमिनीवर किती उंच उभं राहिलं असतं ते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर. एकरावर चार हजार लिटर. दहा मिलिमीटर झाला तर एकरात दहा हजार लिटरचे चार टँकर ओतल्यासारखं. ‘मुसळधार’ म्हणतात तो ६४.५ मिलिमीटरपासून पुढं, म्हणजे एकराला सव्वीस टँकर, चोवीस तासांत. ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’. आपल्या भागात हा शेवटचा शब्द ऐकला तर ओढ्याकाठच्या घरांनी रात्री झोपायचं नाही.

मोजायला सरळ बाजूंचा डबा घ्या, तळापासून तोंडापर्यंत रुंदी सारखी. लोटा नको, कळशी नको. डबा लहान असो वा मोठा, पाण्याची उंची तेवढीच भरते. घर किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट लांब, मोकळ्यावर ठेवा. शिंतोडे उडू नयेत म्हणून जमिनीपासून फूटभर उंच, दगडांत घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी बुडवा. पट्टीचा शून्य टोकापासून सुरू होतो का ते बघा, नाहीतर तेवढं मिळवा. आकडा वहीत लिहा, डबा रिकामा करा. साडेआठच का, तर हवामान खातंही साडेआठ ते साडेआठ असाच दिवस धरतं.

हे हलकं काम समजू नका. स्वातंत्र्यानंतर पाऊस, वारा, ऊन मोजायची यंत्रं आपल्या देशात बनवण्याचं, ती सगळीकडं सारखी असतील हे बघण्याचं काम ज्यांनी पुढं नेलं, त्यात एक बाई होत्या, अण्णा मणी. केरळात १९१८ साली जन्मल्या. १९४८ मध्ये हवामान खात्यात आल्या त्या आपल्या पुण्यातच. माप चुकीचं असण्यापेक्षा माप नसलेलं बरं, अशा शिस्तीच्या.

वहीचा दुसरा उपयोग असा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनाम्याची गोष्ट सुरू होते. ती नोंद मंडळाच्या यंत्राची असते, आपल्या डब्याची नाही. वहीतला आकडा सरकारी पुरावा होणार नाही, हे आधीच सांगते. पण आपल्या गावात ऐंशी आणि मंडळाच्या गावात वीस, असं झालं तर ग्रामसभेत, तलाठ्यापुढं तारखेसकट बोलता येतं. वही नसेल तर नुसतं “लई पडला” म्हणावं लागतं.

अंदाज कुठं मिळतो तेही सांगते. ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला मराठीत असतो, तो मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो. ‘दामिनी’ ॲप तुमच्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय. गटात एकीकडं जरी मोठा फोन असला तरी पुरे, बाकीच्यांना तिनं हाळी द्यायची. रंगांचा अर्थ असा. हिरवा, काळजी नाही. पिवळा, लक्ष ठेवा. केशरी, तयारीत राहा. लाल, हातपाय हलवा.

आता त्या ताईंना उत्तर. ताई, तुरळक ठिकाणचा अंदाज असला की चार वेळेला तुम्ही कुरडया आत आणाल, त्यातल्या तीनदा तरी पाऊस येणार नाही. ज्याला झाकायला दहा मिनिटं लागतात ते दरवेळी झाकावं. ज्याला दिवसाचा रोज बुडतो, ते काम दुपारचा अंदाज ऐकून, पश्चिमेला-पूर्वेला ढग बघून ठरवावं. आणि कांद्याच्या आरणीची ताडपत्री मार्चपासूनच शेजारी दगडांसकट ठेवावी, म्हणजे एकटीला ओढता येईल.

एक जूनपासून ज्या गावांतून डब्याचा आकडा सकाळी नऊच्या आत आम्हांला फोनवर कळेल, त्या गावांची नावं आणि आकडे साडेनऊच्या बातम्यांनंतर वाचून दाखवू. सध्या सात गावांनी नावं दिली आहेत. ओढ्यापलीकडच्या गावानं दिलंय, अलीकडच्यांनी अजून नाही.